इशारा उंबरठ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा

१९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. वीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर मोठे वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. समुद्र तोच, किनाराही तोच. मग मधल्या काळात बदलले काय?

२९ ऑक्टोबर १९९९. त्या वेळी ओरिसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्याच्या किनाऱ्यावर, पारादीपजवळ, महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. परंतु वाऱ्याहून भयंकर ठरले ते पाणी. पाच-सहा मीटर उंचीचे, म्हणजे जवळजवळ दोन मजली घराएवढे उधाण जगतसिंगपूर जिल्ह्यातील एरसमा भागात घुसले आणि कित्येक किलोमीटर आतपर्यंत गेले. मातीच्या भिंती आणि गवताची छपरे त्यापुढे काय टिकणार? सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील होती. मेलेल्या गुराढोरांची संख्या तर लाखांत गेली. जमिनीवर आल्यावर वादळ झटकन पुढे सरकले नाही, तिथेच घुटमळत राहिले. पाऊस थांबेना, रस्त्यांवर झाडे आडवी झाली, टेलिफोन मुके झाले. नेमके किती आणि काय गेले हे बाहेरच्या जगाला कळायलाच काही दिवस लागले.

आता ३ मे २०१९ चा दिवस पाहू. 'फनी' नावाचे अत्यंत तीव्र चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या आदल्या दीड-दोन दिवसांत सुमारे बारा लाख माणसांना घरातून हलवण्यात आले होते. पाच लाखांहून अधिक घरांची पडझड झाली, लाखो झाडे उन्मळून पडली, पुरी शहर कित्येक दिवस अंधारात राहिले. तरीही ओडिशातील मृतांची संख्या ६४ होती. चौसष्ट माणसे जाणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. पण दहा हजार आणि चौसष्ट या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते एका राज्याने वीस वर्षे धीराने चालून कापले आहे. ते कसे, हे समजून घेणे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाच नव्हे, तर आपणा सर्वांना उपयोगाचे आहे.

इशारा होता, पण...

१९९९ मध्ये वादळाची सूचना मिळालीच नव्हती, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. हवामान खात्याने इशारे दिले होते, आकाशवाणीवरूनही ते सांगितले जात होते. शिवाय, अवघ्या दहा-बारा दिवसांपूर्वी त्याच राज्याच्या दक्षिणेकडील गंजाम जिल्ह्याला एक वादळ झोडपून गेले होते. तरीही लोक घरातच राहिले.

का राहिले? त्याची उत्तरे अगदी साधी आणि माणसाच्या स्वभावातली आहेत. वादळे दरवर्षीच येतात, हेही येऊन जाईल, ही एक समजूत. घर सोडले तर भांडीकुंडी आणि धान्य चोरीला जाईल, गुरांकडे कोण पाहील, ही दुसरी चिंता. वारा म्हणजे काय हे ठाऊक होते, पण समुद्र गावात येतो म्हणजे काय, हे बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे, जायचे कुठे? तेव्हा राज्याच्या साऱ्या किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेले अवघे २३ पक्के निवारे होते. त्यांत ज्यांना जागा मिळाली ते वाचले. बाकीच्यांसाठी 'सुरक्षित स्थळी जा' ही सूचना म्हणजे पत्ता नसलेले पत्र होते.

त्या वादळाने शिकवलेला पहिला धडा हाच. वादळ येत आहे हे कळणे आणि जीव वाचणे यांच्यामध्ये बरीच मोठी वाट असते, आणि ती वाट वादळाच्या दिवशी बांधता येत नाही.

बावट्यापासून उपग्रहापर्यंत

आपल्या देशात वादळाचा अभ्यास नवा नाही. 'सायक्लोन' हा शब्दच मुळी एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात घडला. तेथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने वेटोळे घालून बसलेल्या सापाच्या कल्पनेवरून तो तयार केला. १८६४ मध्ये कोलकात्याला प्रचंड वादळाने उद्ध्वस्त केले. त्यानंतर बंदरात धोक्याचे बावटे लावण्याची पद्धत सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. कोकणातील माणसाला 'बंदरात तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य आजही परके वाटणार नाही.

१९९९ नंतर मात्र या कामाला वेग आला. २००२ मध्ये चेन्नईला डॉप्लर रडार बसले. ढगांतील पाणी आणि वारा कोणत्या दिशेला किती वेगाने सरकत आहे, हे ते दाखवते. पुढे किनाऱ्यावर अशी रडारे वाढत गेली. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहामुळे वातावरणाच्या निरनिराळ्या थरांतील उष्णता आणि बाष्प मोजता येऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोपाळपूरजवळ 'फायलिन' वादळ आले. काही परदेशी संस्थांनी हे १९९९ सारखे महाचक्रीवादळ होईल असे म्हटले होते. आपल्या हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी २१०-२२० किलोमीटरच्या आसपास राहील असे सांगितले, आणि तेच खरे ठरले. या अंदाजामागचे एक प्रमुख शास्त्रज्ञ मृत्युंजय महापात्र हे स्वतः ओडिशाच्या किनारी भद्रक जिल्ह्यातले. २०१९ मध्ये ते खात्याचे महासंचालक झाले.

फायलिनच्या वेळी दुर्गापूजेचे दिवस होते. राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या सणाच्या सुट्ट्या रद्द केल्या आणि सुमारे दहा लाख माणसांना हलवले. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. अंदाज खरा ठरतो, तेव्हा एका वादळातून माणसे वाचतात आणि त्याच वेळी पुढच्या इशाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो. फनीच्या वेळी बारा लाख माणसे घराबाहेर पडली, त्यात फायलिनच्या खऱ्या ठरलेल्या अंदाजाचाही वाटा होता.

शेवटचे कोसभर अंतर

दिल्लीतील किंवा भुवनेश्वरमधील कार्यालयात तयार झालेला इशारा खाडीपलीकडच्या पाड्यावरील म्हातारीपर्यंत कसा जातो? खरी कसोटी इथेच आहे.

महावादळानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर १९९९ मध्ये, ओडिशाने आपत्तीच्या कामासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. देशपातळीवरचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर, म्हणजे २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ मध्ये आला. त्यातूनच राष्ट्रीय प्राधिकरण आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले.

ओडिशाच्या सुमारे ४८० किलोमीटर किनाऱ्यावर आता १२२ भोंग्यांचे मनोरे आहेत. राज्याच्या नियंत्रण कक्षातून कळ दाबली की ते एकाच वेळी वाजू शकतात. फनीच्या वेळी २६ लाख मोबाइल संदेश पाठवले गेले. त्याशिवाय गावोगाव ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या फिरल्या, दूरदर्शन-आकाशवाणी होतीच. पण ओडिशाच्या अधिकाऱ्यांचा भर यंत्रांपेक्षा माणसांवर अधिक राहिला. ४० हजारांहून अधिक स्वयंसेवक त्या दिवसांत कामाला लागले होते. ते बाहेरून आलेले नव्हते. कुणी शेजारचा मुलगा, कुणी बचत गटातील वहिनी, कुणी अंगणवाडीची ताई. भोंगा ऐकून जो माणूस हलत नाही, तो ओळखीच्या माणसाने दारात येऊन 'चला' म्हटले की हलतो.

कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुठे दिवस भरत आलेली बाई आहे, याची यादी गावात आधीच तयार असते. ऑक्टोबर २०२४ मधील 'दाना' वादळापूर्वी चार हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांना दवाखान्यांत हलवण्यात आले होते. वादळाच्या रात्री रस्ता बंद झाल्यावर प्रसूतीची वेळ आली तर काय होईल, याचा विचार कुणीतरी चार दिवस आधी केला होता. तयारी म्हणतात ती हीच.

एरवी शाळा, वादळात निवारा

'जायचे कुठे' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारे. फनीच्या वेळी ओडिशात असे आठशेहून अधिक निवारे होते. आयआयटी खरगपूरच्या तज्ज्ञांनी त्यांचे आराखडे तयार करण्यात मदत केली. इमारत उंच खांबांवर उभी असते. उधाणाचे पाणी खालून निघून जाते आणि माणसे वरच्या मजल्यावर कोरडी राहतात. ताशी ३०० किलोमीटरच्या वाऱ्यालाही तोंड देईल अशी ती बांधलेली असते.

या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. वादळ काही रोज येत नाही. वर्षातून दोन दिवस लागणारी इमारत उरलेले दिवस कुलपात राहिली, तर तिची दारे गंजतात, पंप बिघडतो आणि गरज पडते तेव्हा किल्ली सापडत नाही. म्हणून अनेक निवाऱ्यांत एरवी शाळा भरते, गावाच्या सभा होतात, लग्नकार्येही होतात. त्यांची देखभाल गावातल्याच समितीकडे असते. जनरेटर, झाडे कापण्याची करवत, जीवरक्षक जाकिटे, प्रथमोपचाराची पेटी, मोठी भांडी हे सारे तिथेच असते आणि ते चालते की नाही हे वरचेवर पाहिले जाते. ज्या इमारतीत मूल रोज अक्षरे गिरवते, तिथे वादळाच्या रात्री जायला त्याला भीती वाटत नाही. त्याच्या आईलाही वाट विचारावी लागत नाही.

दरवर्षी सरावही होतात. भोंगा वाजतो, गाव निघते, स्वयंसेवक आपापली कामे करतात. गंजाम जिल्ह्यातील व्यंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातील नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने 'त्सुनामीसाठी सज्ज' म्हणून मान्यता दिली. नोलियासाही ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात १९९९ मध्ये हजारो माणसे बुडाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मान्यतेचे मोल कळते.

हिरवी भिंत

माणसाने बांधलेल्या निवाऱ्यांबरोबरच निसर्गाने बांधलेल्या एका निवाऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे. तो म्हणजे खारफुटीचे जंगल. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथे १९९९ च्या वादळात मृत्यू कमी झाले होते. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली. खारफुटीने जेवढे प्राण वाचवले, त्याहून अधिक प्राण सरकारच्या पूर्वसूचनेने वाचवले. म्हणजे अपुऱ्या व्यवस्थेतही, ज्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला आणि ज्यांनी तो मानला, त्यांना त्याचा उपयोग झालाच होता.

जिथे इशारा मिळत नाही

वादळ निदान दोन-चार दिवस आधी वर्दी देते. भूकंप तेवढीही सवड देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचा धोका अगदी कमी असलेला म्हणून तो भाग त्या वेळी नकाशावर दाखवलेला होता. माणसे मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या जड माळवदांनी.

म्हणूनच भूकंपात इशाऱ्याची जागा बांधकामाने घ्यायची असते. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड, घराला चौफेर कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांची मजबुती, हलके छत, एवढ्या गोष्टींनीही घर माणसांवर कोसळण्याचा धोका बराच कमी होतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका पुढे आल्या. सरकारी योजना काय आहे, सिमेंट किती लागते, गवंडी काम नीट करतो की नाही, हे त्या इतर बायकांना समजावून सांगू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील यांपैकी काही बायका थेट गुजरातमधील गावांत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. ज्यांची स्वतःची घरे पडली होती, त्यांच्याकडून मिळालेला हा सल्ला कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा मोलाचा होता.

अजून बरेच बाकी आहे

ओडिशाची गोष्ट कौतुकाची असली, तरी देशाचे काम संपलेले नाही. २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळ 'ओखी' वादळ झपाट्याने तयार झाले. केरळ आणि तामिळनाडूचे असंख्य मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते. तिथे मोबाइल लागत नाही. शेकडो जण मृत किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर उपग्रहामार्फत थेट होडीवर सूचना पोहोचवणारे 'जेमिनी' नावाचे छोटे उपकरण २०१९ मध्ये आले.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधीच मिळालेली होती. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा २६१ माणसांसह राहिला आणि बुडाला. नौदलाने आणि तटरक्षक दलाने उसळत्या समुद्रातून १८० हून अधिक जणांना वाचवले, पण ७० हून अधिक माणसे गेली. इशारा मिळूनही तो मानायचा की नाही, हा निर्णय कुणाच्या हातात असतो, हा प्रश्न त्या घटनेने उभा केला.

डोंगराळ भागाची अवस्था तर आणखी कठीण आहे. पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये जुलै २०१४ मध्ये दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. जुलै २०२३ मध्ये रायगडमधील इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. मुसळधार पाऊस पडणार हे सांगता येते, पण नेमका कोणता उतार केव्हा खचेल हे सांगणे अवघड असते. २०२४ मध्ये कोलकात्यात भूस्खलनाच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. हे काम अजून बाल्यावस्थेत आहे. विजेचेही तसेच. वीज पडून आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. बहुतेक जण शेतात किंवा झाडाखाली असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देते. पण शेतात वाकून रोप लावणाऱ्या बाईच्या हातात तेव्हा मोबाइल नसतो. तिच्यापर्यंत ती सूचना नेण्यासाठी पुन्हा माणूसच लागतो.

आपल्या घरात काय करता येईल?

सरकारने आपले काम करावे हे खरेच. पण काही गोष्टी कुटुंबानेच करायच्या असतात, आणि त्यांना फारसा खर्च नाही.

* रंगांचा अर्थ मुलांसह सर्वांना सांगून ठेवा. हवामान खात्याचा हिरवा रंग म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा.
* एक पिशवी कायम भरलेली असू द्या. पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, रोजची औषधे, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, थोडे रोख पैसे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली महत्त्वाची कागदपत्रे तिच्यात असावीत.
* ताटातूट झाल्यास कुठे भेटायचे ते आधी ठरवा. निदान दोन दूरध्वनी क्रमांक मुलांना तोंडपाठ असावेत.
* आपत्कालीन मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० हे क्रमांक स्वयंपाकघरात लिहून लावा.
* घर सोडताना गॅस आणि विजेचे मुख्य बटण बंद करा. गुरांना दाव्याला बांधून ठेवू नका.
* चक्रीवादळात वारा एकाएकी थांबला तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच जोराचा वारा येतो.
* भूकंप जाणवताच मजबूत टेबलाखाली शिरा, डोके झाका आणि हादरे थांबेपर्यंत तिथेच राहा. लिफ्ट वापरू नका.
* ढगांचा गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली कधीही थांबू नका.
* अनोळखी संदेश पुढे पाठवण्यापूर्वी हवामान खाते किंवा जिल्हा प्रशासनाने तेच सांगितले आहे का, हे पाहा. अफवेने घाबरलेला माणूस पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

आणि एक शेवटची गोष्ट, जी कोणत्याही पिशवीत मावत नाही. आपल्या इमारतीत, गल्लीत, वाडीत एकटे राहणारे आजी-आजोबा कोण आहेत, कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, हे माहीत करून घ्या. उपग्रह आणि रडार आपले काम करतील, मोबाइलही वाजेल. पण ज्याला तो ऐकू येत नाही, त्याच्या दाराची कडी वाजवायला शेजारीच लागतो. दहा हजारांचा आकडा चौसष्टवर आणण्यात अशा कड्या वाजवणाऱ्या हातांचा वाटा फार मोठा आहे.